गणित करणारें पान

आमच्या देगलूरच्या घरीं जुन्या कागदपत्रांच्या पेटींत आजोबांच्या वेळचीं कांहीं पंचांगें अद्यापि जपून ठेवलेलीं आहेत. त्यांपैकीं एक शके १८५८ चें, म्हणजे इ. स. १९३६-३७ चें, मुंबईचें मान धरून दृक्प्रत्ययी गणितानें केलेलें आहे. त्याच्या समासांत शिसपेन्सिलीनें लिहिलेले बारीक अंक दिसतात. छापील तिथीच्या घटी-पळांत ४७ पळें मिळवून येणारी बेरीज आजोबांनीं पानोपानीं मांडली आहे. मात्र एका महिन्यांत तींच ४७ पळें मिळविण्याऐवजीं वजा केलेलीं आहेत. लहानपणीं या अंकांचें मला केवळ कुतूहल होतें. पुढें त्याचा प्रश्न झाला, आणि त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां मी पंचांगापासून संगणकापर्यंत येऊन पोंचलों. तो माग वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

४७ पळांचा उलगडा सोपा आहे. रेखांशाचा एक अंश ओलांडण्यास सूर्यास ४ मिनिटें, म्हणजे १० पळें लागतात. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५० कला, देगलूरचे ७७ अंश ३५ कला; अंतर पावणेपांच अंशांचें. दोहोंचे अक्षांश जवळजवळ सारखे असल्यामुळें देगलुरास सूर्योदय मुंबईच्या आधीं सुमारें १९ मिनिटें, म्हणजे साडेसत्तेचाळीस पळें होतो, असें मानण्यास हरकत नाहीं. तिथि ही चंद्र व सूर्य यांच्या अंतरावर ठरते. तें अंतर दर १२ अंशांनीं वाढलें कीं एक तिथि संपते, आणि तिचा अंत मुंबईस, देगलुरास आणि काशीस एकाच क्षणीं होतो. परंतु घटी-पळें मोजावयाचीं तीं आपापल्या गांवच्या सूर्योदयापासून. आमचा सूर्य आधीं उगवतो, म्हणून आमच्या घटी अधिक भरतात. तेव्हां ४७ पळें मिळविणें योग्य, वजा करणें अयोग्य.

हा रिकामपणचा उद्योग नव्हे. सूर्योदयीं जी तिथि असेल ती त्या दिवसाची, असा सामान्य नियम. वर्षांत सुमारें ३७१ तिथि होतात. त्यांतील ज्या तिथीचा अंत नेमका त्या १९ मिनिटांच्या फटींत सांपडेल, तिच्यापुरता मुंबईचा वार आणि देगलूरचा वार भिन्न होईल. हिशेब केला तर असे प्रसंग वर्षास सुमारें पांच येतात. त्यांत भागवत एकादशीचा नियम आणखी सूक्ष्म. सूर्योदयापूर्वीं चार घटी, त्या अरुणोदयाच्या वेळीं दशमी शिल्लक असेल तर एकादशी विद्ध ठरून उपवास दुसऱ्या दिवशीं जातो. ही अडचण देगलूरकरास सरासरीनें तीन-सव्वातीन वर्षांत एकदां यावी. ज्या गांवाचें नांव गुंडामहाराजांच्या आणि धुंडामहाराजांच्या परंपरेमुळें वारकऱ्यांच्या तोंडीं आहे, तेथें एकादशीचा दिवस कोणता, हा प्रश्न लहान नव्हे. व्यवहारांत सारे पंढरपुराकडे पाहून चालतात, आणि तें शहाणपणाचेंच आहे. परंतु आजोबांसारख्या माणसास आपल्या गांवचा सूर्य आपण मोजावा असें वाटे.

शिवाय त्या काळच्या देगलूरकरास कालगणनेची एरवींही उसंत नव्हती. गांव निजामाच्या राज्यांत. कचेरींत फसली साल चाले आणि महिन्यांचीं नांवें आजूर, दै, बहमन अशीं इराणी असत. मशिदींत हिजरी सन. घरांत शालिवाहन शक. आगगाडीच्या वेळापत्रकांत इंग्रजी तारीख. सप्टेंबर १९४८ मध्यें राज्य गेलें, परंतु ज्यांचीं खतें नि कज्जे फसली सालांत लिहिलेले होते त्यांची आंकडेमोड त्यानंतरही बरींच वर्षें चालू राहिली.

आतां माझा प्रश्न असा. आजोबांनीं एका महिन्यांत वजाबाकी केली ती चुकून, कीं त्यामागें कांहीं कारण होतें? समासांत उत्तर आहे, पण रीत नाहीं. छापील पानावरही तोच प्रकार : मुंबईच्या गणकानें काढलेलें उत्तर तेवढें आहे, त्याची रीत त्याच्या वहींत राहिली, आणि ती वही कोठें गेली हें आतां कोण सांगणार! म्हणजे एका उत्तरावर दुसरें उत्तर चढलेलें, आणि दोहोंच्याही मुळाशीं जाण्याची वाट बंद.

ही वाट पूर्वीं बंद नव्हती. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० मध्यें, ‘ग्रहलाघव’ रचला. ज्योतिषाचे ग्रंथ त्यापूर्वीं पुष्कळ झाले. परंतु या ग्रंथाचें मर्म असें कीं, त्यांत ज्या-चापांची कटकट जवळजवळ सगळी काढून टाकलेली आहे. ११ वर्षांचें, ४०१६ दिवसांचें एक चक्र धरावें. किती चक्रें गेलीं तें काढून उरलेल्या दिवसांवरून ग्रह साधावा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपलीकडे फारसें लागत नाहीं. पुढें पांच वर्षांनीं त्याच गणेशानें ‘तिथिचिंतामणि’ करून तिथीचें काम कोष्टकांवर आणून सोडलें. ग्रंथ हा विधि, जोशी हा तो विधि चालविणारा, आणि पंचांग हें त्याचें फल. देशांतराचा संस्कार त्या विधींतच असल्यामुळें ज्या गांवीं जोशी बसला त्या गांवचें पंचांग तयार होई. जोशी चुकत असेल, आळसानें शेजारच्या गांवचें पंचांग उतरूनही घेत असेल. पण कोणी आग्रह धरलाच तर पाटी घेऊन पुन्हां गणित मांडण्याची सोय गांवांतच होती.

मग छापखाना आला. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. पुढें खिळ्यांचे छापखाने वाढले. जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ मध्यें निघाला आणि देवनागरी छपाईस जें सौष्ठव आलें त्याची वाखाणणी आजही होते. छापील पंचांगानें समाजावर उपकार केले, यांत शंका नाहीं. एक गणित नीट झालें कीं हजारों घरीं तें पोंचे. परंतु याच वेळीं गणित एका ठिकाणीं आणि फल हजार ठिकाणीं, अशी फारकत झाली. गांवचा जोशी गणक होता तो वाचक झाला. दोन पिढ्यांत तो पाटी विसरला. छापण्याच्या कलेच्या इतिहासांत या हानीची नोंद सहसा कोणी करीत नाहीं. मला ती करणें अगत्याचें वाटतें.

ही फारकत किती महाग पडली तें पंचांगवादांत दिसून येतें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं आणि शके १७८७ पासून त्यांच्या गणिताचें पंचांग निघूं लागलें. तें पटवर्धनी म्हणून ओळखलें गेलें. नंतर व्यंकटेश बापूजी केतकर आले. आरंभस्थान कोणतें धरावें, वर्षमान कोणतें घ्यावें, सायन कीं निरयन, यांवर वर्षानुवर्षें विद्वानांचीं पत्रें आणि सभा झाल्या. सामान्य गृहस्थापुढें मात्र दोन छापील पानें होतीं आणि दोहोंवर दोन निराळे अंक. तो निवड करी ती गणितावरून नव्हे, तर माणसावरून : अमका विद्वान् मोठा, किंवा अमकें पंचांग वडिलांपासून घरांत येतें. ज्यांनीं या वादांत रीत उघडी ठेवली त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें नांव मी प्रथम घेईन. १८९६ सालीं त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर केलेला कालगणनेचा इंग्रजी ग्रंथ लंडनास प्रसिद्ध झाला. शिलालेखांतील मितीवार खरा कीं खोटा, हें ज्याचें त्याला पडताळतां यावें म्हणून त्यांत कोष्टकें आणि तीं वापरण्याची रीत सोदाहरण दिली आहे. आमच्या तालुक्यांतील होट्टलचीं चालुक्यकालीन देवळें आणि तेथील लेख प्रसिद्ध आहेत. नांदेड जिल्ह्यांतील लेखांचा संग्रह रित्ती व शेळके यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केला. अशा लेखांतील शक, मास, तिथि, वार यांचा मेळ घालूं पाहणाऱ्यास दीक्षितांनीं घालून दिलेली वाट आजही उपयोगी पडते.

स्वराज्यानंतर मेघनाद साहांच्या समितीनें १९५५ मध्यें आपला अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय कालगणना सुरू झाली. राष्ट्रीय पंचांगाचें मध्यवर्ति स्थान ८२ अंश ३० कला रेखांशावर धरलें आहे. देगलूर त्याच्या पश्चिमेस पांच अंशांना किंचित् कमी. म्हणजे मुंबईच्या पंचांगांत मिळवावें आणि दिल्लीच्या आज्ञेनें निघालेल्या पंचांगांत वजा करावें, असा हा आमचा मधला मुलूख! आजोबांच्या वजाबाकीचें कारण यांत सांपडेल असें मला क्षणभर वाटलें होतें. पण तें पंचांग त्याच्या वीस वर्षें आधींचें, तेव्हां तो तर्क टिकला नाहीं.

आतां थोडें समुद्रापलीकडे जाणें भाग आहे, कारण छापलेलें उत्तर आणि तें काढणारें गणित यांची पुन्हां सोयरीक जमविण्याचा पहिला मोठा खटाटोप विलायतेंत झाला. चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल हे दोघे मित्र १८२१ मध्यें ज्योतिषाचीं कोष्टकें तपासावयास बसले. चुका इतक्या निघाल्या कीं, हीं गणितें वाफेच्या यंत्रानें व्हावींत असें उद्गार बॅबेजच्या तोंडून निघाले, अशी त्याची स्वतःची आठवण आहे. बॅबेजच्या यंत्राविषयीं लिहितांना त्यानें गणित करणारें यंत्र योजलें एवढेंच बहुधा सांगतात. त्याचा अर्धा विचार निराळाच होता. चूक केवळ गणितांत होत नाहीं. ती उतरून घेतांना होते, खिळे जुळवितांना होते, प्रूफ तपासतांना राहते. म्हणून जें चक्र उत्तर काढील त्याच चक्रानें तें उत्तर मऊ लगद्यावर उमटवावें, आणि त्यावरूनच छपाईचा ठसा ओतावा. मध्यें माणसाचा हात लागूं नये. सरकारचे सुमारें १७,००० पौंड खर्चून १८४२ मध्यें तो उद्योग सोडून देण्यांत आला. स्वीडनच्या श्यूट्झ पितापुत्रांनीं मात्र १८५३ पर्यंत तसें छापणारें यंत्र करून दाखविलें. बॅबेजच्या दुसऱ्या आराखड्याप्रमाणें लंडनच्या सायन्स म्यूझियमनें १९९१ मध्यें यंत्र पुरें केलें आणि त्याचें छपाईचें अंग २००२ मध्यें जोडलें. तें चालतें.

तथापि बॅबेजच्या योजनेंतही पान मेलेलेंच होतें. अंक बिनचूक उमटे. पण देगलूरच्या वाचकास त्यांत आपलें गांव घालण्याची सोय नव्हती ती नव्हतीच.

पुढचें पाऊल पडण्यास सव्वाशें वर्षें जावीं लागलीं, आणि तें पडलें छपाईच्याच असंतोषांतून. अमेरिकेंतील गणिती डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या आवृत्त्या खिळ्यांच्या जुन्या पद्धतीनें छापलेल्या होत्या. १९७७ मध्यें एका खंडाच्या नव्या आवृत्तीचीं प्रूफें फोटोच्या पद्धतीनें जुळवून आलीं, तीं त्यांना पाहवेनात. तेव्हां त्यांनीं हातांतलें लेखन बाजूस ठेवून संगणकाकडून सुंदर जुळणी करून घेण्यासाठीं स्वतःच एक प्रोग्रॅम रचण्यास घेतला, तोच ‘टेक्’. निर्णयसागरच्या पानावर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकास या हट्टाचें मर्म सांगावें लागणार नाहीं. टेक् नव्यानें रचतांना क्नूथांनीं दुसरा एक विचार पुढें आणला आणि १९८४ मध्यें त्यावर निबंध लिहिला. प्रोग्रॅम हा यंत्रासाठीं नव्हे तर माणसानें वाचावा म्हणून, निबंधासारखा लिहावा. त्यासाठीं एकच मूळ कागद. त्यापासून एक साधन वाचावयाचा लेख विणून देतें, आणि दुसरें साधन यंत्रानें चालवावयाचा मजकूर गुंतवून देतें. त्या साधनांचीं नांवेंही ‘विणणें’ आणि ‘गुंतविणें’ याच अर्थाचीं आहेत. रीत आणि विवेचन यांची गांठ येथें पक्की बसली. परंतु चालविण्याची क्रिया अजून पानाबाहेर होती : लेख एकीकडे, त्याचें फल दुसरीकडे.

१९८८ च्या जून महिन्यांत ‘मॅथेमॅटिका’ बाहेर पडलें. त्याची वही थिओडोर ग्रे यांनीं योजलेली. तींत वर प्रश्न लिहावा आणि खालीं त्याच पानांत उत्तर यावें, मधूनमधून साधें गद्य असावें, असा थाट होता. कल्पना उत्तम, पण वस्तु विकत घ्यावयाची, आणि तिचें अंतरंग झांकलेलें. सावकार शिल्लक सांगतो, व्याजाची मांडणीही दाखवितो, पण खातेंवही हातांत देत नाहीं, तशांतला हा प्रकार.

या सर्वांत मला जें साधन विशेष वाटतें तें ‘टेक्मॅक्स’. हॉलंडचे गणिती योरिस व्हॅन डेर हूवेन यांनीं फ्रान्समध्यें राहून विसाव्या शतकाच्या अखेरीस तें रचण्यास आरंभ केला आणि सर्वांस मोफत, अंतरंगासकट, खुलें केलें. नांवावरून वाटतें तसें तें टेक्‌वर चालत नाहीं. जुळणीचें त्याचें यंत्र स्वतंत्र आहे, मात्र सौंदर्याचा आदर्श तोच. लिहितांना पडद्यावर जें दिसतें तेंच छापून निघतें : अपूर्णांक अपूर्णांकासारखा, वर्गमूळ वर्गमूळासारखें. अशा पानाच्या मध्यें कोठेंही एक ‘सत्र’ उघडतां येतें. सत्र म्हणजे पानांतील एक खिडकीच. तींत गणिताची आज्ञा लिहून कळ दाबली कीं उत्तर पुढल्या ओळींत, त्याच टंकांत, त्याच सौष्ठवानें उमटतें. आणि त्याखालीं आपलें गद्य पुढें चालू.

आंत काय घडतें तें सांगितल्याशिवाय याची मौज कळणार नाहीं. टेक्मॅक्स स्वतः गणित करीतच नाहीं. तें लेखकाच्या मागें बसलेल्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमला जागें करतें. तो पायथन असेल, मॅक्सिमा असेल, आणखी कोणी असेल. दोहोंमध्यें दोन नळ्या : एकींतून प्रश्न जातो, दुसरींतून उत्तर येतें. येणारें उत्तर उघडें येत नाहीं. त्याच्या आधीं एक अदृश्य आरंभचिन्ह असतें, शेवटीं एक अदृश्य समाप्तिचिन्ह, आणि आरंभीं एका शब्दांत सांगितलेलें असतें कीं हा साधा मजकूर आहे, कीं गणिताचें सूत्र आहे, कीं चित्र आहे. ती खूण पाहून संपादन करणारा प्रोग्रॅम आलेला माल योग्य त्या सांच्यांत बसवितो. एका घरांत दोन बिऱ्हाडें : एकाला अक्षर सुंदर काढतां येतें, दुसऱ्याला हिशेब येतो, दाराशीं काय बोलावयाचें याचा करार एकदां ठरला कीं कोणतेंही नवें बिऱ्हाड आणून बसवितां येतें. या करारांतच सर्व शहाणपण आहे. ज्यांनीं एकाच प्रोग्रॅमांत सगळें कोंबण्याचा यत्न केला त्यांचीं घरें फार वाढलीं आणि फार थोड्यांच्या उपयोगीं पडलीं, असें माझें मत आहे.

याच कल्पनेची अधिक लोकप्रिय शाखा फर्नांडो पेरेझ यांच्या उद्योगांतून निघाली. त्यांनीं २००१ मध्यें आरंभिलेल्या ‘आय-पायथन’ला २०११ मध्यें वहीचें रूप आलें, आणि २०१४ पासून ती ‘ज्युपिटर’ या नांवानें चालूं लागली. नांवांत तीन संगणकभाषांचीं आद्याक्षरें गुंफलीं आहेत, आणि गॅलिलिओनें गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ज्या वह्यांत केल्या त्यांचेंही स्मरण आहे. गणित आणि गुरुग्रह यांची सांगड पंचांगाच्या वाचकास परकी वाटूं नये. जुळणीच्या सौंदर्यांत ती टेक्मॅक्सच्या बरोबरीस येत नाहीं, पण कोठेंही उघडते. आणि जगाला सौंदर्यापेक्षां सोय प्रिय.

आपल्याकडे या वहीचा एक चांगला उपयोग पवईच्या आय. आय. टी. मध्यें झाला. तेथील ‘फॉसी’ या प्रकल्पानें, कण्णन मौद्गल्य, प्रभु रामचंद्रन् प्रभृति प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखालीं, एक साधी योजना काढली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें एक प्रसिद्ध पाठ्यपुस्तक घ्यावें आणि त्यांतील सोडवून दाखविलेलें प्रत्येक उदाहरण संगणकावर पुन्हां सोडवावें. पायथनच्या शाखेंत हीं उदाहरणें प्रकरणवार वह्यांच्या रूपानेंच ठेवलेलीं आहेत. छापील उत्तर आणि चालवून आलेलें उत्तर जुळलें नाहीं तर दोहोंपैकीं एकांत चूक असलीच पाहिजे. ती शोधणें हेंच शिक्षण. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्यें असल्या साधनांचे छोटे पाठ मराठींतूनही ऐकावयास मिळतात. इंग्रजीच्या धसक्यानें मागें राहणारा तालुक्याच्या गांवचा विद्यार्थी डोळ्यांपुढें आणला म्हणजे या कामाची किंमत कळते.

मराठीपुरती एक गंमत येथेंच सांगून टाकतों. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून राशींस देवनागरी नांवें देतां येतात; ‘तिथि’ हेंच नांव ठेवून गणित मांडतां येतें. इतकेंच नव्हे, अवतरणांत ‘४७’ असें आपल्या अंकांत लिहून त्याची संख्या करण्यास सांगितलें तर यंत्र तें बिनतक्रार समजतें. मात्र अवतरणाबाहेर आज्ञेंत उघडा देवनागरी अंक त्याला चालत नाहीं. उंबरठ्यापर्यंत मान आणि आंत मज्जाव, असा हा पाहुणचार आहे.

गणित करणारें पान म्हणजे सत्याची हमी, असें मात्र कोणी समजूं नये. या वह्यांत एक जन्मजात खोड आहे. वाचक पान वरून खालीं वाचतो. पण लेखकानें आज्ञा कोणत्याही क्रमानें चालविलेल्या असूं शकतात. तिसरी आज्ञा चालवून उत्तर घेतलें, मग वर जाऊन पहिलींतील अंक बदलला आणि तिसरी पुन्हां चालविली नाहीं, तर पानावर नवी रीत आणि जुनें उत्तर शेजारीं शेजारीं नांदतात, आणि वाचकास पत्ता लागत नाहीं. छापील पानांत निदान रीत नसल्याचें तरी उघड दिसतें. २०१९ मध्यें संशोधकांनीं महाजालावर सार्वजनिक ठेवलेल्या सुमारें १४ लक्ष वह्या गोळा केल्या. त्यांतील ज्या चालवून पाहण्यासारख्या होत्या, त्यांपैकीं शेंकडा २४ च विनाअडथळा चाललीं, आणि पूर्वींचेंच उत्तर पुन्हां देणाऱ्या शेंकडा ४ च्या आसपास भरल्या. या शास्त्रांतील जाणत्यांनीं त्यावर बरेच उपाय सुचविले आहेत. मी स्वतः एक ओबडधोबड नियम पाळतों : पान दुसऱ्यास देण्यापूर्वीं सर्व उत्तरें पुसावीं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एका दमांत पुन्हां चालवावें.

त्याच नियमानें गेल्या वर्षीं मीं आजोबांच्या पंचांगास हात घातला. टेक्मॅक्समध्यें एक पान उघडलें. वर गद्यांत प्रश्न लिहिला. खालीं सत्रांत चंद्र-सूर्यांचीं स्थानें काढण्याची रीत, त्यांच्या अंतरास बारांनीं भागण्याची एक ओळ, सूर्योदय काढण्याच्या चार ओळी, आणि सर्वांच्या आधीं एकट्या ओळींत रेखांश. प्रथम तेथें मुंबई घातली. मग ती खोडून देगलूर. वजाबाकीच्या त्या महिन्यांतल्या तिथि एकामागून एक उमटल्या. मिळविलेलीं ४७ पळें देगलूरच्या उत्तराजवळ येत होतीं. वजा केलेलीं बरींच दूर पडत होतीं. म्हणजे आजोबा चुकलेच होते. कारण गूढ नव्हतें, फसली सालाचें नव्हतें, कांहीं नव्हतें. चिन्ह चुकलें होतें. त्या महिन्यांतील दोन्ही एकादशींस त्यानें बाधा आलेली नव्हती, हें पाहून मला बरें वाटलें. पुढल्या महिन्याच्या पहिल्या पानावर समासांत ‘अधिक’ असा शब्द त्यांच्याच हातचा आहे. त्यापूर्वीं मीं त्याकडे कधीं लक्ष दिलें नव्हतें.

एक खटका तेवढा राहिला. इतर महिन्यांतल्या त्यांच्या शुद्ध बेरजांहूनही माझीं उत्तरें सर्वत्र आठ-नऊ पळांनीं जास्त येत होतीं. मीं तो दोष मुंबईच्या गणकावर टाकून मोकळा झालों होतों. माझा पुतण्या पुण्यास असतो. त्याला हें पान पाठविलें, तेव्हां त्यानें देगलूरच्या जागीं पुण्याचे रेखांश घालून तें चालविलें, आणि दुसऱ्या दिवशीं कळविलें कीं, काका, सूर्योदयाच्या चार ओळींतली दुसरी पाहा. मीं सूर्यबिंबाचा वरचा कांठ क्षितिजावर येण्याचा क्षण धरला होता आणि वातावरणामुळें किरण वांकतात त्याच्या ३४ कलाही त्यांत घेतल्या होत्या. जुन्या पंचांगांत बिंबाचा मध्य धरीत आणि किरणांचें वांकणें सोडून देत. त्यानें ती ओळ बदलली. साडेतीन मिनिटें गेलीं, आणि आठ-नऊ पळेंही गेलीं.